नवव्या डावातला रुमाल

"अगं, त्या मोबाइलच्या कट्ट्यावर बोलतोय म्हणजे माणूस बरा हाय असं नसतंय. अधनंमधनं फोन लावत जा. आवाज ऐक त्यांचा."

चौगुलेकाकूंनी मला हे बजावलं तेव्हा मी गरोदर होते आणि मिरजेच्या घराच्या जिन्यात, फुगलेल्या बॅगेची चेन ओढत उभी होते. काकू खालच्या मजल्यावर राहतात. अण्णांच्या घराची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते. मी हसले. म्हटलं, "काकू, सीझन सुरू झाला की अण्णा रोज सकाळी तीन-तीन तास माझ्याशी बोलतात. फोनवर तरी कोणता बाप मुलीशी एवढं बोलतो?"

काकूंनी मान हलवली, मेतकुटाची पिशवी माझ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात कोंबली आणि म्हणाल्या, "बरं बाई. तू शिकलेली."

अण्णा म्हणजे माझे वडील, यशवंत मगदूम. नोकरी दूध संघात केली, पण गावात ओळख पंच म्हणून. रविवारी पांढरा कोट घालून जिल्ह्याच्या क्रिकेट सामन्यांना उभे राहायचे. आई गेल्यावर कोट कपाटात गेला आणि अण्णा टीव्हीसमोर बसले. मी लग्न होऊन अमेरिकेत पोर्टलंडला आले तेव्हा त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "तुमच्या गावाची टीम कुठली?"

"बेसबॉलची आहे. हेरॉन्स. हेरॉन म्हणजे बगळा."

"मग आजपासून आपले बगळे."

मला बेसबॉलमधलं काही कळत नव्हतं, त्यांनाही नव्हतं. पण पोर्टलंडच्या संध्याकाळचा सामना मिरजेत सकाळच्या चहाला सुरू होतो. माझी कामावरून परत येण्याची वेळ आणि त्यांची दूध तापवण्याची वेळ एकच. त्या एका योगायोगावर आम्ही दोघं चाहते झालो.

क्लबचा एक ऑनलाइन कट्टा आहे. जगभरातले चाहते तिथं आपापल्या भाषेत बोलतात, मशीन लगेच भाषांतर करतं. अण्णांना तिथं 'मिरज' म्हणूनच ओळखायचे. त्यांची मतं लोक वाट पाहून वाचायचे. एका पिचरबद्दल, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याबद्दल, त्यांनी लिहिलं होतं, "हा आमच्या दूध संघाचा टेम्पो आहे. सकाळी झकास सुटतो, पुढं कुठं बंद पडेल ब्रह्मदेवालाही माहीत नाही." त्यावर पोर्टलंडच्याच ग्लेन नावाच्या आजोबांनी उत्तर दिलं, "मिरज, आमच्याकडे ट्रक असतात." आणि अण्णा: "ग्लेनराव, ट्रकचा ड्रायव्हर तरी बदलता येतो. तुमचा मॅनेजर झोपलाय." ग्लेनची बायको डोरीन मग दोघांनाही गप्प बसवायची. हे असं सहा वर्षं चाललेलं.

एका वेळी मात्र अण्णा कधीच बोलायचे नाहीत. बेसबॉलमध्ये नऊ डाव असतात. नववा, म्हणजे शेवटचा डाव सुरू झाला आणि बगळे पुढे असले, की अण्णा खुर्चीतून उठायचे, टीव्ही तसाच चालू ठेवून गॅलरीत जायचे आणि घराकडे पाठ करून उभे राहायचे. "मी बघितलं की घात होतो." क्रिकेटपासूनची खोड. जन्मभर पंच म्हणून कोणाची बाजू घेतली नाही, त्याचं सगळं व्याज या एका अंधश्रद्धेत निघायचं. आई होती तेव्हा ती आतून स्कोअर ओरडायची. आई गेल्यावर ते अंदाजानं परत यायचे. तोवर कट्ट्यावर त्यांची जागा रिकामी. मी पोर्टलंडमधून ती रिकामी जागा बघायचे आणि मला गॅलरीतली त्यांची पाठ दिसायची.

तीन सीझनपूर्वी क्लबनं एक नवीन सोय आणली. एखाद्या दिवशी तुम्हाला सामना बघायला जमलं नाही, तर तुमच्या जागी तुमच्यासारखंच बोलणारं कोणीतरी बसवायचं. पहिले दोन डाव तुम्ही गप्प राहिलात, की तुमची खुर्ची आपणहून बोलायला लागते. क्लबनं तिला काहीतरी चकचकीत नाव दिलं होतं. मी ते अण्णांना समजावून सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हणजे एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात, तसं." तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव रुमाल. अण्णांचा रुमाल तेव्हा मीच टाकून ठेवला होता.

मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलंय. मला त्या रुमालाचं कौतुकच वाटलं होतं. आपलं मत ही आपल्याला फार खासगी गोष्ट वाटते. पण खेळ बघणाऱ्याचं मत बहुतेक वेळा दोनच गोष्टींवर उभं असतं: मैदानावर आत्ता काय झालं, आणि पूर्वी असं झालं तेव्हा हा माणूस काय म्हणाला होता. सहा वर्षांचं बोलणं हाताशी असेल, तर यंत्राला त्या माणसाचा कल कळतो, चिडण्याची पायरी कळते, कुठला शब्द कुठल्या शब्दानंतर येतो ते कळतं. अण्णा कधी "टेम्पो" म्हणतील आणि कधी "पंचाला चष्मा द्या" म्हणतील, हे ते बऱ्यापैकी अचूक सांगतं. सुरुवातीला रुमाल बोलत असला की नावाखाली बारीक तुटक रेघ यायची. पुढच्याच सीझनला क्लबनं ती काढली. चाहत्यांचीच तक्रार होती की रेघ दिसली की मजा जाते. हवी असेल त्यानं सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी.

फेब्रुवारीत रेवा झाली आणि मार्चअखेर सीझन सुरू झाला.

मी फार घाबरट आई झाले. हे मला कुणी सांगायला नको, माझा नवरा हर्षद रोज सांगतो. रेवा झोपली की मी तिच्या नाकाजवळ बोट धरायची. तिच्या पायात मोजा होता, तो तिच्या हृदयाचे ठोके माझ्या मनगटावर पाठवायचा, आणि तरीही मी बोट धरायची.

"अगं, मोजा सांगतोय ना, ती ठीक आहे म्हणून," हर्षद म्हणायचा.

"मोज्याला काय कळतंय!"

पण अण्णांच्या बाबतीत मला कट्टा पुरत होता. सामना सुरू झाला की मी एका हातानं रेवाला थोपटत दुसऱ्या हातानं कट्टा वर-खाली करायची. अण्णांचं एखादं वाक्य दिसलं की हायसं वाटायचं. पंचावर चिडलेत, म्हणजे ठणठणीत आहेत. आणि मला लिहायला फुरसत नसायची, म्हणून मी माझाही रुमाल टाकून ठेवला होता. माझी खुर्ची त्यांना विचारायची, "अण्णा, चहा झाला का?" त्यांचं उत्तर यायचं, "दुसरा चालू आहे." मी ते वाचायची आणि मला खरंच वाटायचं की विचारलं मीच.

मध्ये एकदा फोन केला होता. अण्णांनी उचलला नाही, पाठोपाठ अंगठ्याचं चित्र पाठवलं. मी म्हटलं, चला, सामना बघतायत.

ऑगस्टमधली ती संध्याकाळ. बाहेर अजून उजेड होता. एरवी आठव्या डावाच्या सुमाराला मी रेवाला झोपवायला आत जाते, पण त्या दिवशी ती माझ्या मांडीवरच झोपली होती आणि हलायची सोय नव्हती. म्हणून कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा मी शेवटपर्यंत बसले. बगळे एका रननं पुढे. नववा डाव सुरू झाला. आता अण्णा उठले असतील, गॅलरीत गेले असतील, असं मनात आलं आणि मला एकटीलाच हसू आलं.

तेवढ्यात कट्ट्यावर अण्णांचं नाव उमटलं.

"आज टेम्पो थेट डेअरीच्या दारात! जिंकलो समजा!"

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. शब्द अण्णांचे होते. टेम्पोही अण्णांचा. पण नवव्या डावात, पुढे असताना, "जिंकलो समजा" असं अण्णा मेले तरी म्हणणार नाहीत. हे मनात आलं आणि त्यातल्या 'मेले' या शब्दाशी मी अडले.

मी लिहिलं, "अण्णा, गॅलरीत नाही गेलात?"

उत्तर लगेच आलं. "गॅलरीत कशाला? खरी मजा तर इथं आहे!"

मी सेटिंगमध्ये शिरले आणि ती रेघ चालू केली. अण्णांच्या नावाखाली तुटक रेघ आली. मागे मागे गेले. कालच्या सामन्यात रेघ. परवाच्या सामन्यात रेघ. "दुसरा चालू आहे" याच्याखाली रेघ. आणि त्याच्या वर, "अण्णा, चहा झाला का?" याच्याखालीसुद्धा रेघ, कारण ती माझी होती. कट्ट्यावर दोन रुमाल एकमेकांना चहाचं विचारत होते. आणि त्या दोघांच्या भरवशावर आम्ही बापलेक निवांत होतो.

यंत्र कुठं चुकलं ते मला त्या क्षणी कळलं, इतकं लख्ख की राग आला. यंत्र शिकतं ते माणसाच्या बोलण्यातून. गप्प राहण्याची नोंद होत नाही. अण्णांच्या सहा वर्षांत नवव्या डावाची जागा कोरी होती, आणि कोरी जागा दिसली की यंत्र आजूबाजूचं बघून ती भरून टाकतं. आमच्या शास्त्रात गहाळ माहिती अशीच भरतात. मी स्वतः परीक्षेत भरलीय, आणि मार्कही मिळाले होते.

फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग काकूंना.

"काकू, वर जाल का? आत्ता. किल्ली घेऊन."

"का गं? काय झालं?" काकू चप्पल शोधत होत्या, ते ऐकू येत होतं. "मी परवाच आले लेकीकडनं गडहिंग्लजहून. काल जिन्यात दिसले की ते. घसा बसलाय म्हणून खूण केली. मी म्हटलं, हळद घालून दूध प्या."

"खूण केली? बोलले नाहीत?"

काकूंनी चप्पल शोधणं सोडलं. मग जिन्यावर त्यांच्या पावलांचा आवाज. किल्लीचा आवाज. सामन्याचा आवाज, तोच, जो माझ्याही खोलीत चालू होता. रेवा मांडीवर झोपेत चोखत होती. मी तिच्या नाकाजवळ बोट धरलं, का कोण जाणे.

"हायत गं, हायत," काकू म्हणाल्या. "खुर्चीत बसल्यात. बघ."

काकूंनी व्हिडिओ चालू केला आणि पडद्यावर अण्णा आले. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं एक घर चुकून लावलेली. माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा उजळला. डाव्या बाजूनंच.

"अण्णा, काय होतंय तुम्हाला?"

त्यांनी तोंड उघडलं. कपाळावर आठ्या पडल्या. एखादी जड पेटी ढकलावी तसा त्यांनी एक शब्द बाहेर ढकलला. "टे... टेबल."

मग मान हलवली. नाही, हा नव्हे. पुन्हा प्रयत्न केला. "टेबल." आणि रागानं स्वतःच्याच मांडीवर हात मारला.

काकूंचा आवाज चढला. "मगदूम, गप बसा! बोलू नका काही. मी रिक्षा बोलावते. पोरी, तू फोन ठेव आणि रडू नको, मला फोन लावायचाय." मिरजेत इस्पितळाला दूर जावं लागत नाही, हे आमचं नशीब.

मेंदूच्या डाव्या भागात छोटी गुठळी होती. डॉक्टर मला फोनवर म्हणाले, "उशीर झालाय, पण फार नाही. शब्द आत आहेत सगळे. रस्ता बंद झालाय. दुसरा रस्ता पाडावा लागेल, रोज थोडा थोडा. अजून दुर्लक्ष झालं असतं, तर पुढचा झटका मोठा आला असता."

मी रेवाला घेऊन निघाले. विमानात ती रडली, मी रडले, शेजारच्या बाईंनी दोघींना बिस्किटं दिली.

अण्णांना शब्द सापडत नसले, तरी समजत सगळं होतं. हळूहळू, खुणांनी, अर्ध्या शब्दांनी मला कळलं ते असं: एका सकाळी उठले तर तोंडातून भलतंच येऊ लागलं, अक्षरंही जुळेनात. घाबरले. मग सामना सुरू झाला आणि तिसऱ्या डावात त्यांनी बघितलं की आपलं नाव बोलतंय. टेम्पोबद्दल, पंचाबद्दल. आणि मुलगी उत्तर देतेय. पोरगी बाळंतपणातून उठलीय, तिला कशाला घोर, आपोआप होईल बरं, असं म्हणून ते रोज सकाळी खुर्चीत बसून आपल्या रुमालाला माझ्याशी बोलताना बघत राहिले.

"छान... छान बोलत... होता," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे बोट केलं. "तू... पण."

ती मी नव्हते, हे मी त्यांना सांगितलं. सांगावंच लागलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना हसू फुटलं. खांदे हलेपर्यंत हसले. मी हसता हसता रडायला लागले तेव्हा त्यांनी डाव्या हातानं माझ्या डोक्यावर टपली मारली.

बोलायला शिकवणाऱ्या बाई चित्रांची कार्डं घेऊन यायच्या. रेवा अण्णांच्या मांडीत बसायची आणि कार्डं तोंडात घालायची. दोघांचा एकच वर्ग. बाईंनी कावळा दाखवला, अण्णा म्हणाले, "बगळा." बाईंनी घोडा दाखवला. "बगळा." रेवा म्हणाली, "बा बा बा." काकू दारातून म्हणाल्या, "बघा, नातीला पण शिकवून ठेवलं."

मी आमचे दोन्ही रुमाल बंद केले आणि कट्ट्यावर लिहिलं की मिरज आजारी आहेत, मधले काही आठवडे बोलत होती ती त्यांची खुर्ची. कुणी म्हणालं, "आम्हाला फरकच कळला नाही." कुणी म्हणालं, "पण मतं तर पटण्यासारखी होती." आणि मग डोरीनचं आलं.

"ग्लेन जाऊन दोन सीझन झाले. मी त्याची खुर्ची बंद केली नाही. संध्याकाळी कोणीतरी मॅनेजरला शिव्या देतंय असं ऐकलं की मला स्वयंपाक सुचतो. तुम्ही बंद केलीत ते बरोबरच आहे. तुमचा माणूस आहे ना अजून."

मी ते अण्णांना वाचून दाखवलं. दोन सीझन ते एका रुमालाशी भांडत होते. त्यांनी डोळे मिटले. मग फोन मागितला, आणि डाव्या हाताच्या बोटानं, एकेक अक्षर शोधत, दोनच शब्द लिहिले. "डोरीन, जेवलीस?"

मग तिचं उत्तर आलं. तिच्या नावाखाली रेघ नव्हती. "नाही. जेवते आता."

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सीझनचा शेवटचा सामना होता. सकाळी काकू पोह्यांची ताटली घेऊन वर आल्या आणि सोफ्यावर मांडी ठोकून बसल्या. त्यांना आता तीनही बेस कळायला लागले होते. अण्णा खुर्चीत, रेवा खाली चटईवर. सातव्या डावात अण्णा "पंच... चष्मा" म्हणाले आणि काकूंनी टाळी दिली. आठव्यात बगळे एका रननं पुढे गेले.

नववा डाव सुरू झाला.

अण्णा खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठले. मी आधार द्यायला पुढे झाले, त्यांनी नको म्हणून हात केला. उजवा पाय थोडा ओढत गॅलरीत गेले आणि घराकडे पाठ करून उभे राहिले. मी कट्टा उघडला. जिथं त्यांचं वाक्य यायचं ती जागा कोरी होती. इतकी सुंदर कोरी जागा मी कधी बघितली नव्हती.

मी रेवाला कडेवर घेतलं आणि त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिले. खाली रस्त्यावर दुधाच्या कॅनचा टेम्पो बंद पडला होता आणि दोन माणसं तो ढकलत होती. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे.

आतून काकू ओरडल्या, "मगदूम! गेलं की वो तुमचं बगळं! हरलं!"

अण्णांनी सुस्कारा सोडला. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"मी... बघितलं नाही... तरी," ते म्हणाले. आजारपणानंतरचं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य. मग थोडं थांबून, "चहा?"

"दुसरा," मी म्हटलं. या वेळी मीच.

तुमच्याकडेही असा कुणीतरी असेल, ज्याचं रोज काहीतरी दिसतं. एखादं मत, एखादा अंगठा, पंचावरचा राग. ते दिसतं म्हणून तुम्ही निश्चिंत असाल. हे वाचून झालं की त्यांना फोन लावा. उचलला की लगेच बोलू नका. ते गप्प कसे राहतात, तेवढं ऐका. आणि वाजत राहिला, तर खालच्या मजल्यावर किल्ली कुणाकडे आहे ते आठवा.